कोविड बॅच

गेले दोन शनिवार लिहिणं झालं नाही. रिलीज होती, आणि रिलीजच्या दिवसांत आमच्याकडे शनिवार नावाचा वार नसतो. आजही खरं तर झोपा काढायचा बेत होता, पण काल एक इंटरव्ह्यू झाला आणि तो काही डोक्यातून जाईना. म्हणून सकाळी चहा घेऊन बसलो.

तर झालं असं. आमच्या टीममध्ये एक जागा रिकामी आहे, दोन-अडीच वर्षं अनुभवाची. पॅनेलवर मी आणि माझा एक सहकारी. (त्याला आपण 'साहेब' म्हणू. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे, पण बोलतो असं की जणू ट्रान्झिस्टरचा शोध लागला तेव्हा हा शेजारच्या टेबलावर बसला होता.) उमेदवार एक मुलगी, सोलापूर जिल्ह्यातली, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकॉम, २०२३ पासआऊट. साहेबांनी सीव्हीवर नजर टाकली, मनातल्या मनात चार वर्षं वजा केली आणि म्हणाले, "कोविड बॅच. जरा खोदून विचार."

मग साहेबांनीच खोदलं. "सीआरओवर सिग्नल पहिल्यांदा कधी बघितलात?"

मुलगी जरा थांबली. "सर, खरं सांगू का? थर्ड इयरला. सेकंड इयरची सगळी प्रॅक्टिकल्स मोबाईलवर बघितली. सर घरून कॅमेरा किटवर धरायचे."

साहेबांनी माझ्याकडे 'बघ, सांगितलं होतं ना' अशा नजरेने बघितलं. नंतर मी एक आमचा नेहमीचा प्रश्न टाकला. सीरियल पोर्टवर डेटा येतोय, पण कचरा येतोय, काय कराल? यावर नव्वद टक्के लोक उत्तर द्यायला लागतात. हिने उलट मलाच विचारलं, "दोन्हीकडचा बॉड रेट सारखा आहे का? आणि कंट्रोलरचा क्लॉक कुठून येतोय, आतला की क्रिस्टलचा?" खरं सांगतो, दहा वर्षं काढलेल्या लोकांनासुद्धा दुसरा प्रश्न सुचायला अर्धा दिवस लागतो.

बाहेर आल्यावर साहेबांचा निकाल तयार. "हुशार आहे, पण पाया कच्चा. त्या दोन वर्षांत कोणी काही शिकलंच नाही. ऑनलाईन शिकून काय होतं रे?"

मी काही बोललो नाही. कारण २०२२ मध्ये मीच एका फ्रेशर मुलाच्या फॉर्मवर 'फंडामेंटल्स वीक' असं लिहून पुढच्याला हाक मारली होती. तोही त्याच वर्षांतला. तो खरंच कच्चा होता, की मी त्याचं पासिंगचं साल आधीच वाचलं होतं, हे आता मला सांगता येत नाही.

घरी आलो आणि साहेबांच्या प्रश्नावर विचार करत बसलो. 'ऑनलाईन शिकून काय होतं' यात दोन प्रश्न एकात एक अडकलेत. घरी बसून, लांबून शिकता येतं का, हा एक. आणि २०२० मध्ये जे झालं ते म्हणजे लांबून शिकवणं होतं का, हा दुसरा.

आठवतंय का, मार्च २०२० मध्ये प्रत्येकाच्या व्हॉट्सअॅपवर न्यूटन आला होता. 'प्लेगमुळे केंब्रिज बंद पडलं, न्यूटन घरी बसला आणि त्याने कॅलक्युलस आणि गुरुत्वाकर्षण शोधून काढलं, तुम्ही काय करताय?' मला तो मेसेज सहा ग्रुपवर आला. त्यातला एक सोसायटीच्या पाणीपुरवठ्याचा ग्रुप होता.

गोष्ट अगदीच खोटी नाही. १६६५ च्या उन्हाळ्यात प्लेगमुळे केंब्रिज रिकामं झालं आणि न्यूटन शंभरेक किलोमीटरवर वूल्सथॉर्पला, आईच्या घरी गेला. मार्च १६६६ मध्ये परत आला, साथ पुन्हा उसळल्यावर जूनमध्ये पुन्हा घरी, आणि एप्रिल १६६७ मध्ये कायमचा परत. पण फॉरवर्डमध्ये न येणारा भाग असा की घरी जाण्याआधीच तो बीए झाला होता आणि गणितातलं त्याचं काम १६६४ मध्ये केंब्रिजमध्येच सुरू झालं होतं. त्याला घरी कोणी शिकवत नव्हतं, शिकवण्याची गरजही उरली नव्हती. गुरुत्वाकर्षणाचं म्हणाल तर 'प्रिन्सिपिया' आलं १६८७ मध्ये. म्हणजे लॉकडाऊन दोन वर्षांचा आणि रिलीज वीस वर्षांनी.

आणि न्यूटन एकटाच घरी गेला नव्हता. बाकीच्या पोरांनी ती दोन वर्षं काय केलं, अर्धवट राहिलेला अभ्यास कसा पूर्ण केला, याचा कुणी मेसेज करत नाही. इंटरव्ह्यूला येतात ती ही बाकीची पोरं.

आता लांबून शिकवण्याकडे येऊ. गंमत म्हणजे यातसुद्धा एक आयझॅकच आहे. आयझॅक पिटमन. आपल्या आधीच्या पिढीतल्या कुणी टायपिंग-शॉर्टहँडचा क्लास केला असेल तर हे नाव त्यांना पाठ असेल, कारण सरकारी नोकरीची वाट तेव्हा पिटमनच्या रेघोट्यांवरून जायची. १८३७ मध्ये त्याने शॉर्टहँडची आपली पद्धत छापली. १८४० मध्ये ब्रिटनमध्ये पेनी पोस्ट सुरू झालं, एका पेनीत पत्र देशात कुठेही. पिटमन तेव्हा बाथ गावात राहत होता. त्याने सगळी पद्धत एका कागदावर छापली आणि लोकांना पोस्टाने धाडायला सुरुवात केली. शिकणाऱ्याने बायबलमधला उतारा शॉर्टहँडमध्ये लिहून परत पाठवायचा. (पुष्कळ ठिकाणी 'पोस्टकार्डावर शिकवलं' असं लिहिलेलं सापडतं. पण ब्रिटनमध्ये पोस्टकार्ड आलं १८७० मध्ये. इंटरनेटवरचा इतिहास असाच असतो, एकाने लिहिलं की शंभर जण कॉपी-पेस्ट करतात.)

यात अक्कलहुशारीचा भाग कागद पाठवण्यात नव्हता. कागद काय, पुस्तकं त्याआधी चारशे वर्षं छापली जात होती. पिटमनच्या पद्धतीत उतारा *परत* यायचा, चुका दुरुस्त करून. तुझी ही रेघ जाड हवी, ही बारीक. पोस्ट स्वस्त झाल्यामुळे हा उलटा फेरा परवडायला लागला. आमच्या भाषेत सांगायचं तर लांबून शिकण्याचा पहिला प्रोटोकॉल अॅकनॉलेजमेंटवाला होता.

त्याच देशात आणखी अठरा वर्षांनी बरोबर उलटी गोष्ट झाली. लंडन विद्यापीठ १८३६ पासून परीक्षा घेणारी संस्था होती. शिकवायची कॉलेजं, विद्यापीठ फक्त पेपर काढायचं आणि पदव्या द्यायचं. १८५८ मध्ये त्यांनी कॉलेजची अटसुद्धा काढून टाकली. कुठेही शीक, कसाही शीक, येऊन परीक्षा दे, पास झालास तर पदवी घे. फार मोठी सोय झाली यात शंका नाही. पण तो मनुष्य शिकला कसा, त्याच्या चुका कोणी दुरुस्त केल्या, हा विद्यापीठाचा विषयच राहिला नाही.

हे सगळं सांगतोय कारण याच मधल्या काळात, १८ जुलै १८५७ ला, मुंबई विद्यापीठ स्थापन झालं. कलकत्ता आणि मद्रासही त्याच वर्षी. तिन्ही लंडनच्या नमुन्यावर. म्हणजे आपली विद्यापीठं जन्मली तीच परीक्षा मंडळ म्हणून. शिकवायची एल्फिन्स्टनसारखी कॉलेजं, विद्यापीठ परीक्षा घ्यायचं. विद्यापीठाने स्वतः शिकवावं ही कायद्यातली सोय १९०४ मध्ये आली. नंतर विभाग झाले, कॅम्पस झाले, हे सगळं खरं. पण आजही आपण 'युनिव्हर्सिटीचा पेपर' म्हणतो, 'युनिव्हर्सिटीचा तास' म्हणताना कधी कुणाला ऐकलंय का? मी तरी नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, २०२० मध्ये आलो की लागेल.

मधे साथीच्या काळातलंच एक छोटं उदाहरण. शाळेचं आहे, पण चालेल. सप्टेंबर १९३७, शिकागो. पोलिओची साथ आली आणि शाळा उघडायच्या वेळी बंदच ठेवाव्या लागल्या. मग तिसरी ते आठवीच्या तीन लाखांवर मुलांना रेडिओवर धडे सुरू केले. पंधरा-पंधरा मिनिटांचे. वेळापत्रक आणि प्रश्न वर्तमानपत्रात छापून यायचे, आणि पालकांसाठी एक फोन लाईन ठेवली, तिथे शिक्षक बसायचे. फोन इतके आले की माणसं वाढवावी लागली. काही घरात रेडिओ नीट लागत नव्हता, काही मुलांना धडा फार भरभर वाटायचा. रेडिओला हात वर करून 'बाई, परत सांगा' म्हणता येत नाही. तीनेक आठवड्यांत शाळा उघडल्या आणि विषय संपला.

आता ब्रिटनचं ओपन युनिव्हर्सिटी. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण मला स्वतःला हे वाचताना फार मजा आली. १९६३ मध्ये हॅरॉल्ड विल्सनने 'हवेतल्या विद्यापीठा'ची कल्पना मांडली. रेडिओ-टीव्हीवरून शिकवायचं, असं. अनेकांनी टिंगल केली. विल्सन पंतप्रधान झाल्यावर जेनी ली या मंत्रीणबाईंनी ती कल्पना दातओठ खाऊन रेटली, १९६९ मध्ये सनद मिळाली आणि जानेवारी १९७१ मध्ये चोवीस-पंचवीस हजार विद्यार्थ्यांची पहिली बॅच सुरू झाली. प्रवेशाला आधीच्या शिक्षणाची अट नाही.

सगळ्यांच्या लक्षात राहिले ते बीबीसीवर आडवेळी लागणारे कार्यक्रम. पण टीव्ही हा त्या विद्यापीठाचा अगदी थोडा भाग होता. खरा अभ्यास छापील पुस्तिकांवर होता आणि एकेक कोर्स तयार करायला प्राध्यापक, बीबीसीचे निर्माते, संपादक अशी अख्खी टीम वर्षभर आणि त्याहून जास्त बसायची. प्रत्येक विद्यार्थ्याला एक ट्यूटर. स्वाध्याय पोस्टाने पाठवायचा, ट्यूटर तो तपासून, समासात शेरे लिहून परत करायचा. जवळच्या गावात अधूनमधून भेटी. उन्हाळ्यात आठवडाभर प्रत्यक्ष कॅम्पसवर राहायचं. आणि विज्ञानाच्या पहिल्या कोर्सला प्रयोगांची पेटी घरी यायची! रसायनं, काचसामान, आणि मॅकार्थर नावाचा एक हातात मावेल असा प्लॅस्टिकचा सूक्ष्मदर्शक. वर्ष संपलं की पेटी परत पाठवायची. लोकांनी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल्स केली.

म्हणजे १९७१ मध्ये, इंटरनेट सोडा, घरोघरी फोनसुद्धा नव्हते तेव्हा, कुणीतरी बसून विचार केला होता की घरी शिकणाऱ्याला सूक्ष्मदर्शक लागेल. साहेबांचा सीआरओचा प्रश्न त्यांना पन्नास वर्षं आधी पडला होता.

आपल्याकडे यातलं टीव्हीचं टोक आधी आलं. १५ ऑगस्ट १९८४ पासून यूजीसीचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' दूरदर्शनवर, इन्सॅट-१बी वरून. माझ्या वयाच्या लोकांना दुपारी शाळेतून आल्यावर टीव्ही लावला की दिसणारा तो गंभीर चेहऱ्याचा इंग्रजी कार्यक्रम आठवत असेल. पुढे काहीतरी चांगलं लागेल या आशेवर मी त्यातले किती भाग बघितले असतील देव जाणे. पेशी, ज्वालामुखी, कापडाची गिरणी... कार्यक्रम चांगले होते हो. पण ते बघून पडलेली शंका कुणाला विचारायची?

दुसरं टोक आलं ते मुक्त विद्यापीठांनी. १९८५ मध्ये इग्नू आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. राम ताकवले पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्यांचं ब्रीद. माझा मामा तहसील कचेरीत कारकून होता, बारावीनंतर घरची जबाबदारी पडली म्हणून शिक्षण सुटलेलं. नव्वदीच्या दशकात त्याने इथून बीए केलं. मराठीतली ती पुस्तकं मला चांगली आठवतात. पुस्तकच तुम्हाला मधेच थांबवून विचारायचं, 'आता हे तुमच्या शब्दांत लिहा'. मामा खरंच लिहायचा, कंदिलात. (वीज होती, पण लोडशेडिंगही होतं.) रविवारी सायकलवरून अभ्यासकेंद्रावर जायचा. तिथल्या एका सरांनी त्याच्या स्वाध्यायावर लाल पेनाने 'मुद्दा चांगला, पण उदाहरण तुमच्या तालुक्यातलं द्या' असं लिहिलेलं त्याने आम्हाला सगळ्यांना दाखवलं होतं. मामी म्हणाली, एवढं काय त्यात. पण बारावीनंतर मामाला कुणी 'मुद्दा चांगला' म्हटलंच नव्हतं.

आणि तरीही बढतीच्या वेळी कचेरीत कुणीतरी म्हणालंच, "मुक्तची डिग्री ना?" साहेबांच्या "कोविड बॅच ना?" चा सूर मला ओळखीचा वाटला तो म्हणूनच.

तर आता २०२०. मार्चच्या मध्यावर कॉलेजं बंद झाली आणि २५ मार्चपासून सगळा देशच. झूमचा आकडा बघा : डिसेंबर २०१९ मध्ये दिवसाला जास्तीत जास्त एक कोटी लोक मीटिंगमध्ये असायचे, मार्च २०२० मध्ये वीस कोटी. तीन महिन्यांत वीसपट. आम्ही सॉफ्टवेअरवाले तर खूषच होतो, सर्व्हर टिकले! पण २७ मार्चलाच अमेरिकेत चार्ल्स हॉजेस आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी एक लेख लिहून बजावलं होतं की याला ऑनलाईन शिक्षण म्हणू नका. हे 'आणीबाणीतलं दूरस्थ शिकवणं' आहे. नीट ऑनलाईन कोर्स उभा करायला साधारण सहा ते नऊ महिने लागतात, आणि इथे लोकांना जेमतेम काही दिवस मिळालेत. पुढे कुणी तुलना केली तर या फरकाचं भान ठेवा, असं त्यांचं म्हणणं. लेख खूप गाजला. इशारा मात्र कुणी मनावर घेतला नाही, साहेबांनी तर नाहीच.

आपल्याकडचं चित्र आणखी वेगळं. नॅशनल सॅम्पल सर्व्हेच्या २०१७-१८ च्या पाहणीत देशातल्या २३.८ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती. शहरात ४२, खेड्यात १४.९. कॉम्प्युटर खेड्यातल्या ४.४ टक्के घरांत. कालच्या मुलीने सांगितलं की घरात एक स्मार्टफोन, तो तिच्यात आणि भावात वाटून. रेंज फक्त गच्चीच्या एका कोपऱ्यात. मे महिन्यात सोलापूरकडच्या गच्चीवर दुपारी बसून 'नेटवर्क थिअरी'! वर्गात सत्तर नावं आणि सत्तर काळे चौकोन, कारण कॅमेरा लावला की डेटा संपतो.

पण सगळं खापर रेंजवर फोडायचं नाही. यावर एक फार देखणा प्रयोग झालाय. अमेरिकेतली वेस्ट पॉइंटची लष्करी अकादमी, २०२० चं शरदातलं सत्र, अर्थशास्त्राचा पहिला कोर्स. साडेपाचशेच्या वर विद्यार्थी. कोण वर्गात बसणार आणि कोण ऑनलाईन, हे चक्क चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं, आणि एकच शिक्षक दोन्ही प्रकारच्या तुकड्या शिकवणार. म्हणजे आमच्या भाषेत शुद्ध ए-बी टेस्ट. सगळे त्याच कॅम्पसवर राहणारे, त्याच सोयी, तेच नेटवर्क. तरीही ऑनलाईनवाल्यांचे अंतिम गुण ०.२१५ स्टँडर्ड डेव्हिएशनने खाली आले. म्हणजे फार नाही, पण नाही असंही नाही. महत्त्वाचं असं की हा फटका मुख्यतः आधीपासून अभ्यासात मागे असलेल्यांना बसला. वरच्यांना फारसा फरक पडला नाही (न्यूटन कुठेही न्यूटनच). आणि ऑनलाईनवाल्या मुलांनी नंतर सांगितलं की लक्ष लागत नव्हतं आणि शिक्षकांशी, एकमेकांशी नातं जुळल्यासारखं वाटत नव्हतं.

उलटं उदाहरणही आहे. माद्रिदच्या एका विद्यापीठातल्या अभ्यासात बंदीच्या काळात मुलांचे मार्क वाढलेले दिसले, आणि संशोधकांनी त्याचं कारण मुलं रोज थोडा थोडा अभ्यास करायला लागली असं दिलं. त्यामुळे सरसकट 'काहीच शिकले नाहीत' म्हणणाऱ्याने जरा दमानं घ्यावं.

आता ती लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट. २०२० च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सगळ्यात मोठा वाद कशावर झाला? शिकवण्यावर? छे. अंतिम वर्षाच्या परीक्षेवर. जूनमध्ये राज्य सरकारने ठरवलं की परीक्षा नको, आधीच्या सत्रांच्या गुणांवर पदवी द्या. ६ जुलैला यूजीसीने सांगितलं की सप्टेंबरअखेर परीक्षा झालीच पाहिजे. युवा सेनेसह अनेकांच्या याचिका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २८ ऑगस्टला निकाल लागला : परीक्षेशिवाय पदवी नाही, मुदत हवी तर यूजीसीकडे मागा. मग ऑक्टोबरमध्ये परीक्षा झाल्या, बहुतेक ठिकाणी ऑनलाईन, तासाभराच्या, चारपैकी एक पर्याय निवडा.

दोन्ही बाजूंचं म्हणणं मला तेव्हाही पटत होतं आणि आताही पटतं. जिवाची भीती खरी होती आणि बिनपरीक्षेच्या पदवीला कुणी विचारणार नाही ही भीतीही खरी होती. पण जून ते ऑक्टोबर अख्खं राज्य भांडलं ते पेपर घ्यायचा की नाही यावर. मार्चनंतर त्या मुलांना कोणी काय शिकवलं, कुणाच्या चुका कोणी तपासल्या, ज्याच्याकडे फोन नाही त्याचं काय झालं, यावर एक याचिका, एक मोर्चा, एक पॅनेल चर्चा मला आठवत नाही. १८५७ चं डिझाईन अजून प्रॉडक्शनमध्ये चालू आहे.

पुढची वर्षं थोडक्यात. २०२०-२१ जवळजवळ पूर्ण ऑनलाईन. २० ऑक्टोबर २०२१ ला कॉलेजं उघडली, जानेवारी २०२२ मध्ये ओमिक्रॉनमुळे पुन्हा काही आठवडे बंद. आपल्या उमेदवाराचं सेकंड इयर त्यात पूर्ण गेलं आणि थर्ड इयरचा लचका तुटला. त्या वर्षात तिच्या हातात ना किट आली, ना सीआरओ. मॅकार्थरच्या पेटीसारखं काही पाठवायचं कुणाला सुचलंही नाही, आणि सुचलं असतं तरी पैसे कोण देणार होतं?

मग ते क्लॉकचं तिला कुठून सुचलं? मी इंटरव्ह्यूच्या शेवटी विचारलं होतं. साहेब तेव्हा घड्याळाकडे बघत होते.

ती म्हणाली, "आम्हाला मायक्रोप्रोसेसरला एक सर होते. सगळ्यांना कोड वहीत लिहून फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवायला लावायचे. आणि रात्री प्रत्येकाला वेगळी व्हॉइस नोट. तुझं हे चुकलं, हे असं का लिहिलंस. मला एकदा डिले लूपवर चार मिनिटांची आली होती. त्यात ते म्हणाले, कोड लिहायच्या आधी क्लॉक विचारत जा. ती मी जपून ठेवलीय अजून."

सत्तर मुलं. सत्तर व्हॉइस नोट्स. मी विचारलं, सर अजून आहेत का तिथे?

"नाही सर. ते तासिका तत्त्वावर होते."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्या तासांचे पैसे. सुट्टीचे नाहीत, आजारपणाचे नाहीत, वह्या तपासण्याचे नाहीत. रात्री साडेअकराला पाठवलेल्या चार मिनिटांच्या व्हॉइस नोटचे तर नाहीतच. वेळापत्रकात त्या माणसाचे आठवड्याला चार तास दिसत असतील. ते चार तास म्हणजे सत्तर काळ्या चौकोनांसमोर बोलणं. मुलीला जे मिळालं ते त्या चार तासांच्या बाहेरचं होतं आणि ते कुठल्याही हजेरीपटावर नाही, कुठल्याही निकालपत्रावर नाही, आणि अर्थात तिच्या सीव्हीवरही नाही. सीव्हीवर आहे ते फक्त पासिंगचं साल.

काल संध्याकाळी मी फॉर्म भरला. 'होय' वर टिचकी मारली आणि शेऱ्यात लिहिलं की सीआरओ आठवड्याभरात शिकवता येईल, शिकवायला मी बसेन. पाठवायच्या आधी उगाच २०२२ चा तो जुना फॉर्म शोधला, पण आमची सिस्टीम मधे बदलली, जुन्या नोंदी दिसत नाहीत. साहेबांनी काय लिहिलंय ते मला दिसत नाही, त्यांचा फॉर्म वेगळा.

एचआर सोमवारी कळवणार आहे.